गुरुवारची अदलाबदल

तीर्थस्वरूप ताईंना,

उजव्या हातात पेन आहे, म्हणून डावाच हात कपाळाला लावून, पण मनापासून नमस्कार.

भावोजींचा गुडघा आता कसा आहे? मागच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतंत की डॉक्टरांनी त्यांना जिना चढायला बंदी केली आहे, उतरायला नाही, आणि ते डॉक्टरांचं तंतोतंत ऐकतात. तेव्हापासून मी काळजीत आहे. रोज उतरतात तर वर कसे येतात? (की एकदाच उतरले आणि खालीच राहिले?) सविस्तर कळवा. धाकटीच्या परीक्षेचं काय झालं तेही कळवा. नापास झाली असेल तर तिला माझ्याकडून काही बोलू नका, कारण मीही एकदा झाले होते आणि ते अजून आमच्या घरी कुणाला सांगितलेलं नाही. माझी तब्येत चांगली आहे. हे वाक्य मी दोनदा लिहून खोडलं, कारण ते कितपत खरं आहे याची मला खात्री नव्हती. वजन सहा किलो उतरलं आहे. आमच्या डॉक्टरांनी आकडा बघून ‘वा, छान!’ म्हटलं, मग कारण विचारलं, आणि कारण ऐकल्यावर ‘अरेरे’ म्हटलं. तेव्हा त्या दोन्हींच्या मध्ये कुठंतरी माझी तब्येत आहे असं समजा.

कारण हेच की दुपारचं जेवण मी जवळजवळ सोडलं होतं. त्याबद्दलच लिहायला बसले आहे, आणि त्यात तुमचे बंधू येणार, म्हणून आधी एक कबुली. तुमच्यासमोर मी त्याला ‘अहो’ म्हणायचे आणि तुमची पाठ वळली की ‘अरे’. सोळा वर्षं हा दुटप्पीपणा चालला. तुम्हाला तो ठाऊक असावा, कारण एकदा मी स्वयंपाकघरातून ‘अरे, मीठ कुठं ठेवलंस?’ असं ओरडले होते आणि तुम्ही बाहेरच्या खोलीत बसला होतात. तेव्हा तुम्ही एकदम भिंतीवरच्या घड्याळाचं कौतुक सुरू केलंत. (घड्याळ बंद होतं.) तो जाऊन चौदा महिने झाले. इतक्या दिवसांत मला ‘अहो’वाला एकदाही आठवला नाही. म्हणून या पत्रापुरतं मी त्याला ‘तो’ म्हणते, रागावू नका.

माझी कचेरी ज्या वस्तीत आहे ती तुम्ही एकदा पाहिली आहे. तेव्हा तिथं टायरची दुकानं, लोखंडी गजांची गोदामं आणि एक बंद पडलेला बर्फाचा कारखाना होता, आणि तुम्ही पूर्ण वेळ नाकाला रुमाल लावून होतात. आता आलात तर ओळखणार नाही. बर्फाच्या कारखान्यात कॉफी मिळते. टायरच्या दुकानात सूप मिळतं. जुन्या दिवसांची आठवण म्हणून त्यांनी एक भला मोठा टायर छताला टांगून ठेवला आहे, आणि त्याच्या खालचं टेबल कायम रिकामं असतं. दुपारी जेवायला जावं अशा जागा आता आमच्या गल्लीत एकोणीस आहेत (मोजल्या). त्यांना हॉटेल म्हणावं तर त्या तेवढ्या मोठ्या नाहीत, आणि खानावळ म्हटलं की मालकांचा चेहरा पडतो. वस्ती अशी वर येत गेली तशा इमारतीही वर गेल्या, इमारतींबरोबर लिफ्ट आल्या, आणि लिफ्ट तपासायला तुमचा भाऊ. दर गुरुवारी त्याची फेरी आमच्या बाजूला असायची. एक वाजता तो खाली यायचा, मी कचेरीतून निघायचे, आणि आम्ही एकत्र जेवायचो.

या जेवणाची एक पद्धत होती, ती तुम्हाला कधी सांगितली नाही. दोघांनी दोन वेगळे पदार्थ मागवायचे. अर्धं खाऊन झालं की प्लेटा बदलायच्या. बोलायचं नाही, विचारायचं नाही. मी माझी प्लेट पुढे सरकवायची, तो पाण्याचा पेला बाजूला घेऊन वाट करून द्यायचा, आणि त्याची प्लेट माझ्याकडे यायची. वाढणारे बघत राहायचे. एका ठिकाणी तर एका मुलीनं घाबरून विचारलं होतं की तिच्याकडून प्लेटा उलट्या दिल्या गेल्या का. सगळ्या आठवड्यात मला एवढी एकच गोष्ट आम्हा दोघांची वाटायची. कुणी संसाराबद्दल विचारलं की मी ही पद्धत सांगायचे आणि लोक ‘अय्या!’ म्हणायचे. (आमच्या कचेरीतले दोन पुरुषसुद्धा म्हणाले होते.)

तो गेल्यावर मी गुरुवारी बाहेर पडणंच बंद केलं. मग बाकीचे वारही गुरुवारसारखे झाले. टेबलाच्या खणात बिस्किटं ठेवायची आणि पाण्याच्या मीटरची माहितीपत्रकं तपासता तपासता खायची. वर्षभर असं चाललं. शेवटी आमच्या ड्रॉइंग सेक्शनमधल्या बाई माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाल्या, “अहो, किती दिवस छळणार आहात त्या बिस्किटांना? जा, बाहेर जाऊन काहीतरी गरम खाऊन या. मी येत नाही बरोबर. मी आले तर तुम्ही माझ्याशी बोलत बसाल आणि खाणार नाही.” बाई तोंडानं फटकळ आहेत पण बरोबर बोलतात, हे मी माझ्या रोजच्या वहीत पूर्वीही लिहिलं आहे.

तर पहिल्या गुरुवारी मी गेले ती गजांच्या गोदामात उघडलेल्या नव्या जागेत. तिथं स्टुलं इतकी उंच की वर चढून बसल्यावर माझे पाय अधांतरी लोंबायला लागले. ताई, सेहेचाळीसाव्या वर्षी पाय लोंबकळत ठेवून दुःख करता येत नाही, हे मला तिथं कळलं. उतरताना चप्पल आधी गेली आणि मी नंतर. दुसऱ्या गुरुवारची जागा एकेकट्या माणसांसाठीच केलेली होती, म्हणजे भिंतीला एक लांब फळी आणि भिंतीवर त्याच लांबीचा आरसा. समोर कुणीतरी बसून जेवतंय असं किती महिन्यांनी दिसलं, पण ती मीच होते, आणि घास घेताना मी फारशी चांगली दिसत नाही. (हे तो कधी बोलला नाही. या गोष्टीकडे मी नंतर येणार आहे.) सूप अर्धं टाकून मी बाहेर आले.

तिसरी जागा छापखान्याच्या जुन्या इमारतीत. तिथं तुम्हाला नंबर देत नाहीत, लाकडाचा एक छोटा प्राणी देतात. तो टेबलावर ठेवून बसायचं आणि जेवण तयार झालं की वाढणारी मुलगी प्राण्याच्या नावानं हाका मारत फिरते. मला गाढव मिळालं. “गाढव कोण आहे? गाढव? भोपळा आणि भात, गाढव!” असं ती तीनदा ओरडेपर्यंत मी हात वर केला नाही. माझ्यासमोर साधारण साठीचे एक गृहस्थ बसले होते (टेबल लांबलचक आणि सगळ्यांचं मिळून एकच, म्हणून कुणीही कुणाच्याही समोर बसतं). ते म्हणाले, “लाजू नका. मागच्या वेळी मी होतो.” त्यांचं कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान आहे, एवढं त्यांनी सांगितलं. त्या दिवशी ते हरीण होते, आणि त्यांच्यापुढं अंडी आणि भाजलेला पाव आला.

पुढचं एका दमात लिहून टाकते. भोपळा चांगला होता. खिडकीतून समोरच्या नव्या इमारतीची लिफ्ट काचेच्या नळीतून वर जाताना दिसत होती, आणि मी मनात म्हणत होते की हिचं दार जरा उशिरा बंद होतंय, त्याला सांगायला हवं. तेवढ्यात बहुधा भोपळा अर्धा झाला असावा. मी प्लेट पुढे सरकवली, समोरची प्लेट ओढून घेतली, आणि खायला लागले. चार घास. पाचव्या घासाला मला कळलं की मी अंडं खाते आहे. वर बघितलं तर चष्मेवाले गृहस्थ मुकाट्यानं माझा भोपळा खात होते.

“हे तुमचं होतं ना?” मी विचारलं.

“होतं,” ते म्हणाले.

“मग बोलला का नाहीत तुम्ही?”

“अहो, तुम्ही इतकं सवयीनं सरकवलंत की मला वाटलं इथली पद्धतच असेल. नव्या जागा आहेत, काय सांगावं! जनावरं देतात, तसं हेही.”

मी शरमेनं अर्धी झाले. दहा वेळा माफी मागितली, उष्टं खायला लावल्याबद्दल दुसरं काहीतरी मागवते म्हटलं. ते नको म्हणाले. मग काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, निदान भोपळा आवडला का?

“खरं सांगू?” ते म्हणाले. “मला भोपळा लहानपणापासून बघवत नाही. पण तुमचा चेहरा असा होता की नाही म्हणवेना.”

एवढंच. पुढच्या गुरुवारी ते मला टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला दिसले, प्लेट दोन्ही हातांनी धरून जेवताना. विनोद म्हणून ही गोष्ट मी कचेरीत सांगितली आणि सगळे पोट धरून हसले. मीही हसले. घरी आले, दिवा लावला, आणि शेवटचं वाक्य आठवून खुर्चीत बसले ती बसूनच राहिले. तुमचा भाऊसुद्धा सोळा वर्षं माझा चेहरा बघूनच खात असेल तर?

तुम्हाला माझ्या वह्यांचं वेड माहीत आहे. सोळा वर्षांच्या सोळा वह्या काढल्या आणि सगळे गुरुवार वाचले. सहाशे बारा निघाले. पद्धत कशी सुरू झाली ते पहिल्याच वहीत सापडलं. ‘आज मी मागवलेलं वांगं कडू निघालं. प्लेट त्याच्याकडे सरकवली. त्यानं त्याची दिली. किती छान!’ (‘किती छान’च्या खाली दोन रेघा.) पुढच्या गुरुवारी: ‘आजही बदललं. आता ही आमची पद्धत.’ बघा, ताई. पद्धत आम्ही दोघांनी ठरवली असं मी जगाला सांगत आले, आणि ठरवली मी, तीही कडू वांगं त्याच्या गळ्यात घालून. सहाशे बारा गुरुवारी मी मागवलेल्या पदार्थाबद्दल माझं मत आहे, त्यानं मागवलेल्याबद्दलही माझंच मत आहे. त्याचं मत सात ठिकाणी आहे. त्यातलं एक ‘गरम आहे’, एक ‘जड आहे’ (ते प्लेटबद्दल, ती दगडाची होती), एक ‘बघ, ढग आलेत’. उरलेल्या चारांत तो ‘हं’ म्हणाला आहे. आणि सरकवायचे ते दर वेळी मी. त्यानं आधी सरकवल्याची एकही नोंद नाही. मीटरच्या पत्रकांत प्रत्येक सूचनेपुढं ‘असं केल्यावर काय दिसलं पाहिजे’ हे लिहिलेलं नसलं तर मी ते पत्रक परत पाठवते. वीस वर्षं पाठवते आहे. आणि प्लेट सरकवल्यावर समोर काय दिसलं ते मी कधी लिहिलं नाही, कारण माझं लक्ष त्याच्या प्लेटमध्ये काय आहे तिकडं असायचं.

मग मला कॅन्टीनवाल्या मावशी आठवल्या. आमच्या कचेरीपासून दोन थांबे पलीकडं, लिफ्टच्या सुट्या भागांच्या डेपोमागं त्यांची चार टेबलांची जागा आहे. एकोणिसांत ती मोडत नाही, ती सगळ्यांच्या आधीपासून आहे. तिथं रोज एकच पदार्थ शिजतो, त्यामुळे आम्ही गुरुवारी तिकडं कधी गेलो नाही (दोघांच्या प्लेटमध्ये एकच असलं तर बदलायचं काय?), पण बाकीच्या दिवशी तो एकटा तिथं जेवायचा. चार गुरुवार मी त्या दारावरून पुढं निघून गेले. पाचव्या गुरुवारी आत शिरले आणि कोण ते सांगितलं. मावशींनी पदराला नव्हे, भिंतीवरच्या फडक्याला हात पुसले, माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाल्या, “लिफ्टसाहेबांच्या घरच्या होय? या, बसा. किती उशिरा आलात.” घड्याळात एक दहा झाले होते. त्या कशाला उशीर म्हणाल्या ते मला बसल्यावर कळलं.

मी सरळ विचारलं, “मावशी, त्याला इथलं आवडायचं का?”

“संपवायचे,” मावशी म्हणाल्या.

“संपवायचा ते झालं, पण आवडायचं का?”

“आता ते पोटात शिरून कसं बघणार, बाई? बोलके कुठं होते ते! एक मात्र सांगते, हसू नका. निम्मं जेवण झालं की पेला बाजूला घ्यायचे आणि प्लेट अशी फिरवायचे.” त्यांनी माझ्यापुढची प्लेट धरून अर्धी गोल फिरवली, भरलेली बाजू माझ्याकडं, रिकामी पलीकडं. “मग उरलेलं खायचे. रोज. आम्ही म्हणायचो, लिफ्टवाले आहेत, काहीतरी तपासत असतील. एकदा विचारलंसुद्धा.”

“काय म्हणाला?”

“हं, म्हणाले.”

मी तिथं रडले नाही. (डोळ्यांत पाणी आलं ते भाताच्या वाफेनं. भात गार होता.) तो एकटा बसून, पलीकडं कुणी नसताना, पेला बाजूला घेऊन वाट करून देतो आहे, हे मला रस्त्यात, जिन्यात, कचेरीत सगळीकडं दिसायला लागलं, आणि दोन दिवस मी इतकी सुखात होते की ड्रॉइंग सेक्शनच्या बाईंनी ‘काय, कुणी भेटलं की काय?’ असं विचारलं. तिसऱ्या दिवशी माझ्या स्वभावानं डोकं वर काढलं. आवड वेगळी, सवय वेगळी. रोज हातोडी मारणाऱ्याचा हात रिकामा असतानाही हलतो, म्हणून त्याला हातोडी आवडते असं कुणी म्हणत नाही. शिवाय भरलेली बाजू जवळ यावी म्हणून कुणीही प्लेट फिरवील. पण मग पेला? पेला कशाला बाजूला घ्यायचा? इथं येऊन मी अडकते, रोज. आता मी गुरुवारी मावशींकडंच जेवते. अर्ध्यावर आले की थांबते. फिरवत मात्र नाही, तेवढा हक्क माझा आहे की नाही याची खात्री नाही.

असो. पत्र फार लांबलं. तुम्ही हे एका बैठकीत वाचू नका, डोळ्यांना त्रास होईल. भावोजींना नमस्कार सांगा (ते खाली असतील तर खाली जाऊन), धाकटीला आशीर्वाद, आणि तुम्ही स्वतःला जपा.

तुमची,
भावजय

ता. क. आता खरं सांगते, वरचं सगळं एका प्रश्नासाठी लिहिलं. तुम्ही दोघं लहानपणी एकाच टेबलावर जेवलात. तो पाळण्यात होता तेव्हापासून तुम्हाला माहीत आहे. न आवडणारं काही पुढं आलं तर तो काय करायचा? तोंडानं सांगायचा, की गप्प संपवायचा? तेवढं कळवा. सांगणारा असेल तर मी सुटले. मग सहाशे बारा वेळा त्यानं सांगितलं नाही याचा अर्थ सरळ आहे.

आणखी एक ता. क. वरचा प्रश्न रद्द समजा. तुम्ही ‘सांगायचा’ असं लिहिलंत तर मी म्हणणार, ताई माझं मन राखताहेत. ‘गप्प संपवायचा’ असं लिहिलंत तर तेवढं मात्र लगेच खरं मानणार. मला उत्तर नकोच आहे, शिक्षा हवी आहे, आणि ती तुमच्या हातून मागणं बरं नव्हे. तुमचाही तो भाऊ होता.

शेवटचं. पाकीट चिकटवलं होतं, ते फाडून हे लिहिते आहे. वरचं वाक्य लिहिलं आणि मग झोप लागेना. तुम्ही तो गेल्यापासून रोज दुपारी दीडला फोन करता, ‘जेवलीस का?’ विचारता, मी ‘हो’ म्हणते, आणि फोन तेवढ्यावरच संपतो. (त्यातले बरेच ‘हो’ खोटे होते, हे आता तुमच्या लक्षात आलंच असेल. माफ करा.) सकाळी उठून चौदा महिन्यांची वही पाहिली. उलटून मी तुम्हाला तेच एकदाही विचारलेलं नाही. एकदाही नाही, ताई.

हे पत्र पोचेल त्या दिवशी दीडला तुम्ही फोन करू नका. तुमचा आला नाही की पत्र पोचलं असं समजून मी करणार आहे. तुम्ही जेवता का, ते मला विचारायचं आहे. ‘हो’ म्हणायची घाई करू नका. मी फोन धरून थांबेन.